पाकिटामागचा तक्ता वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या किराणा दुकानांत हल्ली पाकीट उलटं करून मागचा पोषणमूल्यांचा तक्ता बघणारे बरेच दिसतात. चांगलंच आहे. पण बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते, आणि तो मनासारखा निघाला की पाकीट पिशवीत पडतं. असल्या अर्धवट वाचनापेक्षा न वाचणारा परवडला. शेव खाताना आपण शेव खातोय, एवढं तरी त्याला ठाऊक असतं.

'प्रति सर्व्हिंग'चा रकाना आपलाच समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. तक्त्यात 100 ग्रॅमचे आकडे असतात (पेयांत 100 मिलीचे), आणि शेजारी एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतात ते. सर्व्हिंग म्हणजे एका वेळी खायचं प्रमाण. ते केवढं, हे कंपनी ठरवते. नमकीनवर ते बहुधा 20 नाहीतर 30 ग्रॅम असतं. इंदुरात 20 ग्रॅम शेव म्हणजे पोह्यांवरची सजावट. खाणं त्यानंतर सुरू होतं.

सुदामा नगरातल्या एका घरची गोष्ट घ्या. काकांना बीपी. काकूंनी भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं, पापड-लोणचं बंद केलं आणि शेवेऐवजी 'रोस्टेड डाएट चिवडा' सुरू केला. काकांनी पाकीट स्वतः वाचलं होतं. सोडियम 11 टक्के. "अगं, अकराच टक्के आहे, यात काय होतंय!" मग सकाळी पोह्यांवर मूठभर, चारच्या चहाला वाटीभर, रात्री टीव्हीपुढे पुन्हा वाटीभर. एक दिवस सुनेने तेवढाच चिवडा काट्यावर ठेवला, तर 80 ग्रॅम भरला. पाकिटावरचं सर्व्हिंग 20 ग्रॅमचं. म्हणजे अकराचे झाले चव्वेचाळीस. 100 ग्रॅममध्ये 1100 मिलिग्रॅम सोडियम, तर 80 ग्रॅममध्ये 880. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: 2200 मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम. काकूंनी भाजीतून काढलेलं मीठ चिवड्याच्या वाटेने घरात परत आलं होतं. 'रोस्टेड'मुळे तेल कमी होतं, मीठ नाही. पोह्यांवर भुरभुरवलेलं जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला, या हिशेबात धरलेलंच नाही. त्याचंही पाकीट उलटून बघा, घटकांत मीठ सापडेल.

म्हणून टक्के सोडा आणि 100 ग्रॅमचा रकाना धरा. घरची नेहमीची वाटी एकदा शेवेने आणि एकदा चिवड्याने भरून वजन करा, आणि आकडे मार्करने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. वाटीत 40 ग्रॅम मावत असतील तर 100 ग्रॅमच्या आकड्याला 0.4 ने गुणायचं, झालं. हे एकदाच करायचं काम आहे, तरी लोक कंटाळतात आणि मोबाइलमध्ये अॅप उतरवतात. अॅप पाकिटाला गुण देतं. तुमची वाटी केवढी, हे त्याला कुठून कळणार?

टक्क्यांबद्दल आणखी एक. ते मोठ्या माणसाच्या 2000 किलोकॅलरीच्या दिवसावर काढलेले असतात. त्यात एकूण फॅट 67 ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट 22, ट्रान्स फॅट 2, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम धरलेलं आहे. सहा वर्षांच्या नातवाला ते लावू नका. साखरेची 50 ग्रॅम ही वरची हद्द आहे. जागतिक आरोग्य संघटना शक्य तर 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

समोरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबणं

पुढची बाजू विक्रीची, मागची कायद्याची. 'मल्टिग्रेन' बिस्किटाचं पाकीट उलटलं की बहुतेक वेळा पहिला घटक निघतो 'रिफाइंड व्हीट फ्लोअर', म्हणजे आपला मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ज्या घटकाची पाकिटावर जाहिरात केली, त्याचं प्रमाणही द्यावं लागतं. त्यामुळे ओट्सचं चित्र हातभर आणि मागे 'ओट्स 4%' असा प्रकार उघडा पडतो. पहिले तीन घटक वाचा, त्यांतच माल काय आहे ते कळतं. फक्त साखरेबाबत यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज असे तुकडे केले की एकही वरच्या जागी येत नाही.

'शुगर फ्री' म्हणजे 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमहून जास्त साखर नाही, बस. मैदा आहे तिथेच असतो. एकूण कार्बोहायड्रेट 65-70 ग्रॅम असलेलं शुगर फ्री बिस्कीट मधुमेह असलेल्या आजींना बिनधास्त देणाऱ्यांनी तो रकाना वाचलेलाच नसतो. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) साखरेच्या ओळीत येत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. 'नो अॅडेड शुगर' हे तर वेगळंच प्रकरण. वरून घातली नाही एवढंच ते सांगतं. खजुराच्या बारमध्ये एकूण साखर भरपूर असू शकते.

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचून चार पैसे जास्त देणाऱ्यांना काय म्हणावं! वनस्पतीच्या तेलात कोलेस्ट्रॉल सांगण्याजोगं नसतंच, कोणत्याही ब्रँडच्या. बघायची ओळ सॅच्युरेटेड फॅटची. नमकीनच्या घटकांत पामोलिन (पाम तेलाचाच प्रकार) दिसलं की ती ओळ हमखास बघा, कारण पाम तेलात जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं.

दुधाचं प्रोटीन डब्याच्या नावावर लिहिणं

मुलांच्या माल्ट पावडरींवर दोन रकाने दिसतात, एक नुसत्या पावडरीचा आणि एक दुधासकट. घाईत दुसरा वाचला जातो आणि "प्रोटीन बघ किती आहे" म्हणून डबा घरी येतो. ते बरंचसं 200 मिली दुधाचं असतं, जे तुम्ही आधीपासूनच देत होता. पावडरीचा रकाना घ्या, दोन चमच्यांचं वजन धरा, आणि त्यात साखर किती तेवढंच बघा. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्या 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं सांगितलं, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच.

बारीकसारीक, पण रोजच्या

फरियाली मिक्श्चर उपासाला चालतं, म्हणून ते हलकं ठरत नाही. बटाट्याचा तळलेला कीस तो, आणि सैंधव मीठही सोडियमच.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. 'आरोग्याला उत्तम' असा त्याचा अर्थ कुणी लावला, देव जाणे.

घटकांत आयएनएस क्रमांक, म्हणजे खाण्यात मिसळलेल्या पदार्थाचा ठरलेला आकडा, दिसला की 'केमिकल' म्हणून ओरडू नका. 330 म्हणजे सायट्रिक अॅसिड, 500 म्हणजे सोडा, 300 म्हणजे क जीवनसत्त्व. फॉरवर्ड आलेल्या याद्यांमुळे लोक 330 ला घाबरतात आणि शेजारचं 900 मिलिग्रॅम सोडियम आनंदाने खातात.

तुलना एकाच जातीच्या दोन पाकिटांची करा, शेवेची शेवेशी. शेव आणि खाकरा समोरासमोर ठेवून काही निष्पन्न होत नाही.

अगदी लहान पुड्यांवर, म्हणजे वेष्टण 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच असेल तर, तक्ता नसला तरी चालतो. माहिती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर असते. दुकानदार भैय्याला ते दाखवायला सांगा.

सुट्या शेवेला तक्ताच नाही. त्याच जातीच्या बंद पाकिटाचे आकडे धरायचे, आणि 'घरगुती आहे, तेल कमी असतं' हे दुकानदाराचं म्हणणं हिशेबात घ्यायचं नाही.