घरातल्या ज्येष्ठांचा उभ्याचा तोल कसा मोजावा

तोल हळूहळू बिघडतो. घरच्यांच्या ते लक्षात येतं माणूस पहिल्यांदा पडल्यावर. त्याआधीच तो मोजायला अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची चार टप्प्यांची चाचणी सोपी आहे. लागतं मोबाइलचं स्टॉपवॉच आणि शेजारी एक धडधाकट माणूस.

स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभं करा; हात लांबवला की ओटा सापडला पाहिजे. पायपुसणं उचला, फरशी कोरडी हवी. पाय अनवाणी, डोळे उघडे, चष्मा नेहमीचा. साडी किंवा धोतर घोट्यांच्या वर खोचा, नाहीतर पाऊल सरकलेलं दिसत नाही. काठीशिवाय उभंच राहता येत नसेल किंवा त्या दिवशी चक्कर येत असेल, तर घरी ही चाचणी करू नका.

१. दोन्ही पावलं जुळवून उभं राहणं.
२. एक पाऊल अर्धं पुढे. त्याच्या आतल्या कमानीला दुसऱ्या पायाचा अंगठा टेकलेला.
३. एका रेषेत, पुढच्या पावलाची टाच मागच्याच्या अंगठ्याला भिडलेली.
४. एका पायावर.

प्रत्येक टप्पा १० सेकंद. पाय जुळवताना दंड धरून आधार द्या आणि हात सोडल्यावरच घड्याळ सुरू करा. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच: काळजीपोटी आपण दोन बोटं लावून ठेवतो आणि तेवढ्या स्पर्शानेही तोल सावरतो, म्हणजे आकडा खोटा येतो. हात सोडा, पण अगदी जवळ ठेवा. त्यांनी हात पसरले, अंग डुललं तरी चालेल. पाऊल हललं किंवा आधार घेतला की वेळ थांबवा. १० सेकंद भरले नाहीत तर पुढचा टप्पा घेऊ नका.

खरा कस तिसऱ्या टप्प्यात लागतो. पायांखालची जागा अरुंद होते आणि शरीर बाजूला कलू न देण्याचं काम घोटे, नितंबांचे स्नायू आणि तळव्यांची संवेदना यांच्यावर येतं. मधुमेहात तळवे बधिर झालेले असतील, तर ते इथे उघड होतं. हा टप्पा १० सेकंद जमला नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला समजा. तारीख, सेकंद आणि कोणता पाय पुढे होता, हे वहीत लिहा. पुढच्या वेळी तोच पाय पुढे घ्या.

ही वही आणि सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपी ५ मिनिटं आडवं झाल्यावर, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उठताना तोल जाण्याचं एक कारण हाती लागतं. व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या. आणि गेल्या वर्षभरात एकदा जरी पडणं झालं असेल, तरी चारही टप्पे जमले म्हणून ही भेट टाळू नका.