एपीएलए तपासताय? या चुका टाळा

वारंवार गर्भपात झाले किंवा ऐन तिशीत पायाच्या शिरेत गुठळी झाली, की डॉक्टर एपीएलए ही रक्तचाचणी लिहून देतात. एपीएलए म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी: पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थांशी संबंधित, रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या अँटिबॉडी. पहिला घोळ लॅबच्या काउंटरवरच होतो. या नावाखाली काही ठिकाणी फक्त फॉस्फोलिपिडविरुद्धच्या आयजीजी-आयजीएम (अँटिबॉडीचे दोन प्रकार) अँटिबॉडी मोजल्या जातात. खरं तर तीन चाचण्या हव्यात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. तिन्ही आहेत ना, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

यातलं सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. इथे अँटिबॉडी थेट मोजत नाहीत. रक्त गोठायला किती सेकंद लागतात, त्यावरून तिचा माग काढतात. (डीआरव्हीव्हीटी चाचणीत त्यासाठी चक्क घोणस सापाचं विष वापरतात!) साहजिकच, रक्त पातळ ठेवणारी औषधं निकाल फिरवतात. रिव्हरोक्सॅबॅन चालू असेल तर अँटिबॉडी नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. वॉरफरिनवर असताना अर्थ लावणं अवघड. हेपरिनचं इंजेक्शन चालू असेल तर नमुना पुढच्या डोसच्या तोंडावर, आधीच्या डोसनंतर किमान 12 तासांनी द्यावा. फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहाच. पण रिपोर्ट चांगला यावा म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं हा शुद्ध वेडेपणा. ते डॉक्टरच ठरवतील. उरलेल्या दोन चाचण्यांना या औषधांची अडचण नाही.

नमुन्याकडेही लक्ष असू द्या. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ खोटीच लांबते. पुढे लॅबने प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) दोनदा सेंट्रिफ्यूज करायला, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून वेगळा करायला हवा. प्लेटलेट उरल्या आणि नमुना डीप फ्रीझरमध्ये गोठवला, तर त्यांचे फुटके तुकडे अँटिबॉडी शोषून घेतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

ताप-संसर्गात या अँटिबॉडी तात्पुरत्या दिसू शकतात. नुकतीच गुठळी झाली असेल तर उलट कमी भरू शकतात. म्हणून एका पॉझिटिव्ह रिपोर्टवरून निदान पक्कं करत नाहीत. किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण किट बदललं की आकडेही बदलतात.