हत्यारं घेण्याआधी दारातल्या गाड्या बघा

नवीन गॅरेज टाकणारी पोरं बहुतेक एकच प्रश्न विचारतात, "दादा, कुठला सेट घेऊ?" माझं उत्तर नेहमी एकच असतं. आधी दारात काय येणार ते सांग, मग हत्यारांचं बोलू. सांगलीत शंभर फुटी रोडला स्प्लेंडर-ॲक्टिवा करणाऱ्याची पेटी वेगळी, मिरजेत मारुती करणाऱ्याची वेगळी. तासगाव-पलूसकडं ट्रॅक्टर आणि द्राक्षबागेचे ब्लोअर करणाऱ्याची तर आणखीच वेगळी. तिघांनी एकाच दुकानातून एकच सेट उचलला, तर तिघांच्याही पेटीत निम्मे पाने वर्षभर गंज खात पडणार आणि जो पाना हवा तोच नसणार.

हे मापांवरून लगेच कळतं. होंडा, हिरो, सुझुकी, मारुती ही सगळी जपानी पद्धतीची घराणी. तिथं मुंडीच्या 8, 10, 12, 14, 17, 19 मिमी एवढ्या मापांत बहुतेक गाडी उघडते. टाटा-महिंद्राला आणि युरोपियन गाड्यांना 10, 13, 16, 17, 18, 19 लागतात. कारण सोपं आहे. 8 मिमी जाडीच्या बोल्टाची मुंडी जपानी गाडीत 12 ची असते आणि दुसरीकडं 13 ची. 10 मिमीच्या बोल्टाला इकडं 14 आणि तिकडं 16 किंवा 17. म्हणजे निव्वळ मारुती करणाऱ्याला 13 चा पाना लागायला नको. पण लागतो. कधीतरी कुणीतरी मूळ बोल्ट हरवून हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट मारलेला असतो आणि बाजारातल्या 8 मिमी बोल्टाला 13 चीच मुंडी येते. म्हणून 12 आणि 13 दोन्ही जवळ ठेवा आणि लावण्याआधी बघून लावा. 12 च्या नटावर 13 चा पाना "जरा सैल आहे, पण चालेल" म्हणून ओढला की सहाही कोपरे गोल झालेच म्हणून समजा. पुढचा अर्धा दिवस छन्नी मारण्यात जातो.

ट्रॅक्टरवाल्यांनी इंची मापांकडं खास लक्ष द्यावं. आपल्याकडं जुनी मॅसी, महिंद्राची बी-275, जुनी जीप अजून कामावर आहेत आणि त्यांना 7/16, 1/2, 9/16, 3/4 हीच मापं लागतात. 3/4 इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथं 19 चा पाना बिनघोर चालतो. 1/2 इंच म्हणजे 12.7, तिथं 13 चा बसतो पण खेळतो. हलक्या नटाला ठीक, घट्ट नटाला नाही. 9/16 म्हणजे 14.29. त्याला 14 चा जात नाही आणि 15 चा फिरतो. तिथं इंची पानाच पाहिजे, दुसरा इलाज नाही. जुनी बुलेट करणार असाल तर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांचे, पाने वेगळे घ्यावे लागतील. त्यांच्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, मुंडीचा नाही, त्यामुळं नुसता आकडा वाचून मागवलात तर चुकीचा पाना हातात येतो.

पहिली खरेदी

एकदम शंभर-सव्वाशे नगांची सुटकेस घेऊ नका. त्यात तीस-चाळीस तर नुसते स्क्रूचे बिट असतात. पेटी जड, किंमत भरपूर आणि कामाचे पाने मोजकेच. त्याच पैशांत सुटी हत्यारं चांगली येतात. माझा हिशेब असा: दहा हजारांच्या आतबाहेर पहिली पेटी नीट उभी राहते.

सगळ्यात आधी रिंग पाने, 6-7 पासून 20-22 पर्यंत आठांचा सेट. मग त्याच मापांचे फिक्स पाने. लोक उलटं करतात, कारण फिक्स स्वस्त पडतो. पण फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि रिंग चहूबाजूंनी. नट पहिल्यांदा हलवायचं काम रिंगचं, भराभर फिरवून काढायचं काम फिक्सचं. टू-व्हीलरवाल्यानं 8, 10, 12, 14 चे टी पाने घ्यावेत, दिवसभर हातात तेच राहतात.

मग गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट. दुकानदार "चार सुती" म्हणाला की अर्ध्या इंची चौकोनाचा सेट समजायचा, "तीन सुती" म्हणजे 3/8. कार-ट्रॅक्टरला चार सुती, 10 पासून 32 पर्यंत. टू-व्हीलरला तीन सुती बरा, हात आत जातो आणि जोर बेतात राहतो. चार सुती रॅचेटनं (गोटी फिरवायच्या दातेरी हँडलनं) 6 मिमीचा बोल्ट आवळणं म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे काढायला हातानं आमंत्रण. गोट्या छकोनी मागा. बाराकोनी गोटी नटावर पटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटावर ती कोपऱ्याजवळच दाबते आणि घसरते. छकोनी गोटी सपाट बाजूवर जोर घेते. उसाच्या ट्रॉलीचे, चिखलात राहिलेले नट सोडवायचे असतील तर हा फरक फार मोठा आहे.

बाकीचं पटकन सांगतो. आठ इंची पक्कड, नोज प्लायर, आतल्या आणि बाहेरच्या सर्कलिपचे दोन प्लायर, एक ग्रिप प्लायर. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी खाचेच्या बोल्टांच्या किल्ल्यांचा, सेट. अर्धा किलोची गोल डोक्याची हातोडी आणि सोबत एक नायलॉनची. सुंबा, छन्नी, कानस. फट मोजायचा 0.05 पासून 1 मिमीपर्यंतचा फिलर गेज.

स्क्रू ड्रायव्हरवर मात्र जरा थांबतो, कारण इथं सगळे दुर्लक्ष करतात. जपानी गाडीच्या कार्ब्युरेटरचे, इंजिन कव्हरचे चौफुली स्क्रू आणि आपण बाजारातून आणतो तो फिलिप्स ड्रायव्हर, हे दोन्ही दिसायला सारखे, पण घडण वेगळी. फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलतं आणि खाच खाऊन टाकतं. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या मुंडीवर एक बारीक टिंब असतं, ते दिसलं की जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचा ड्रायव्हर घ्यायचा. तो इथं प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, मागवावा लागला तरी मागवा. जोडीला हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवा. इंजिन कव्हरचा अडकलेला स्क्रू तो एका ठोक्यात सोडवतो. आणि साध्या ड्रायव्हरांतला एक तरी असा घ्या, ज्याची दांडी मुठीतून आरपार मागं आलेली असते. ठोकायची वेळ येतेच.

दुकानात काय बघायचं

गणपती पेठेत जा, नाहीतर एमआयडीसीच्या बाजूला जा, खिशात तीन कोरे बोल्ट घेऊन जा: 10, 13 आणि 17 च्या मुंडीचे. पाना हातात घेतला की आधी बोल्टावर बसवा. चांगला पाना अलगद सरकून बसतो आणि बसल्यावर डावी-उजवीकडं जेमतेम हलतो. खडखड वाजत असेल तर परत ठेवा. मग फिक्स पान्याचा जबडा उजेडाकडं धरून बघा, दोन्ही ओठ समांतर पाहिजेत. रिंगची भिंत सगळीकडं सारख्या जाडीची पाहिजे. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ दिसली तर साचा सरकलेला आहे, तिथंच ती तडकणार.

पान्यावर क्रोम व्हॅनेडियम (पोलादाचा प्रकार) लिहिलेलं असतंच, त्यावर फार विसंबू नका. कंपनीचं नाव आणि माप धातूत उठलेलं किंवा खोदलेलं आहे का ते बघा. नुसता स्टिकर असेल तर सोडून द्या. नावाच्या मालाचा डुप्लिकेट फार येतो. फिक्स पान्यावर आयएस 2028 आणि रिंगवर आयएस 2029 हे भारतीय मानकाचे आकडे छापलेले असतील तर उत्तम.

रॅचेट कानाजवळ धरून हळूहळू फिरवा. प्रत्येक टकटक सारख्या अंतरानं यायला हवी. 24 दातांच्या रॅचेटला पुढच्या दातावर जायला 15 अंश फिरावं लागतं, 72 दातांच्याला फक्त 5 अंश. मारुतीच्या इंजिनमागं हात घातल्यावर 15 अंश फिरायला जागाच नसते. म्हणून कारवाल्यानं रॅचेट बारीक दातांचा घ्यावा, ट्रॅक्टरवाल्याला जाड दातांचाच टिकतो. पक्कड बंद करून उजेडात धरा, कापायच्या धारेतून प्रकाश दिसता कामा नये. खिशातला कागद कापून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

पैसे कुठं घालायचे हेही सांगतो. तुमच्या गाड्यांची जी चार मापं दिवसभर लागतात, त्यात सगळ्यात उत्तम माल घ्या. टू-व्हीलरला 8, 10, 12, 14. बोलेरो-ट्रॅक्टरला 13, 17, 19, 24. बाकी मापं साधी चालतात. तापारियाचा माल आपल्या नाशिकमध्ये बनतो, सुटा पाना हरवला तर सुटा मिळतो, ही मला मोठी सोय वाटते. जालंधर-लुधियानाचा मालही भरपूर येतो. त्यात उत्तमही असतं आणि टाकाऊही, म्हणून ते तीन बोल्ट खिशात.

जुना माल आवर्जून बघा. भंगारवाल्याकडं, बंद पडलेल्या गॅरेजच्या विक्रीत जर्मन गेडोरेच्या सहकार्यानं भारतात बनलेले पाने अजून सापडतात. त्यांच्या पोलादाची तोड आजच्या स्वस्त मालात नाही. असा पाना हातात आला की मला आजही आनंद होतो आणि गरज नसली तरी तो माझ्या पेटीत येतो. घेताना ओठ पसरलेत का ते त्याच कोऱ्या बोल्टावर बघा. वेल्डिंग केलेला किंवा ग्राइंडरनं घासून माप वाढवलेला पाना फुकट मिळाला तरी घेऊ नका. 27, 30, 32 अशी मोठी मापं तर जुन्यातच घ्यावीत. ती कधीतरी लागतात आणि सहसा झिजलेली नसतात.

पुढची भर

दुसऱ्या खेपेला गाडीप्रमाणं खास हत्यारं येतात: मॅग्नेट पुलर, क्लचच्या नटाचा चार दाती पाना, बेअरिंग पुलर. ही एकदम घेऊ नका. ज्या दिवशी त्या कामाची गाडी आली, त्या दिवशी ते हत्यार आणा. पहिल्या एक-दोन कामांत ते वसूल होतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम, आला. नव्या गाड्यांना आता टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, बिट लागतातच. ऑक्सिजन सेन्सरसाठी बाजूला चिरलेली 22 ची गोटी घ्या. वायर कापायची गरज राहत नाही. एक बरा मल्टिमीटर हवाच.

हवेची किंवा बॅटरीची गन घेतलीत तर तिच्यासाठी काळ्या इम्पॅक्ट गोट्याच वापरा. चकचकीत क्रोमच्या गोट्या कडक असतात, गनच्या ठोक्यांनी तडकतात आणि तुकडा डोळ्याकडं उडतो. यात कुणीही पैसे वाचवू नयेत. नट हातानं सोडवायचा तर पाना आपल्याकडं ओढा, ढकलू नका, म्हणजे घसरला तरी बोटं चेसीवर आपटत नाहीत. रॅचेटला पाईप घालून ओढू नका. त्यासाठी लांब दांड्याचं साधं हँडल वेगळं मिळतं.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या आकड्याएवढ्याच जोरानं बोल्ट आवळायचा पाना, ही माझ्या मते चांगल्या गॅरेजची खूण आहे. हेडचे, व्हीलचे बोल्ट आणि स्पार्क प्लग अंदाजानं आवळू नयेत. पुस्तकात आकडा कधी न्यूटन मीटरमध्ये असतो, कधी किलोग्रॅम-मीटरमध्ये. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण 9.8 न्यूटन मीटर. सोडवायला टॉर्क रेंच कधीच वापरू नका आणि काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. ताणून ठेवली तर माप खोटं पडतं.

सांभाळ

भिंतीवर फळी लावा आणि प्रत्येक पान्याची आकृती रंगानं काढा. रिकामी आकृती दिसली की शटर ओढायच्या आधी शोध सुरू. मुठीवर आपल्या गॅरेजचा एक रंग मारून ठेवा. शेजारच्याला पाना द्यायला हरकत नाही, पण पाटीवर नाव लिहून द्या. 10 चा पाना मात्र दोन-तीन जास्तच घेऊन ठेवा, तो हरवतोच.

2019 च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर सांगलीतला कुठलाच धंदेवाला विसरणार नाही. पुराच्या पाण्यातून निघालेली हत्यारं आधी स्वच्छ पाण्यानं धुवावी लागतात, कारण गाळ रॅचेटच्या आत बसतो. मग डिझेलमध्ये बुडवून ब्रश मारायचा, रॅचेट उघडून दात पुसायचे, उन्हात पूर्ण वाळवून हलकं ऑइल लावायचं. हे दोन दिवसांत झालं तर बराच माल वाचतो. गाळ वाळू दिला तर वाचत नाही. नदीकाठच्या भागात गॅरेज असेल तर जूनमध्येच टॉर्क रेंच, मल्टिमीटर, गेज आणि गोट्यांची पेटी माळ्यावर टाका.

खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन, पुसून पूजेला मांडतोच. मांडताना वही घेऊन बसा. काय हरवलं, कुठल्या गोटीला चीर गेली, कुठला पाना नटावर खेळायला लागला, ते लिहा. दसरा झाला की ती यादी घेऊन दुकानात जा. कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन उसाचे ट्रॅक्टर रांगेनं यायला लागले की पाना आणायलाही गॅरेज सोडता येत नाही.