फेस म्हणजे धुणं नव्हे! वॉशिंग मशीनच्या या चुका टाळा

जून संपत आला की माझ्या फोनवर एकाच तक्रारीची रीघ लागते. ‘मशीनमधून फेस बाहेर येतोय, पाणी जात नाही, पंप गेला वाटतं.’ पंप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पंधरा वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन मशीन उघडतोय, त्यामुळे मी फोनवरच विचारतो, ‘तुमच्याकडचे टँकर बंद झाले का?’ समोरचा चमकतो. ‘हो, परवापासून. तुम्हाला कसं कळलं?’

दरवर्षीचंच आहे ते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी. त्यात फेस कमी येतो, म्हणून एक चमचा पावडर वाढते, मग आणखी एक. चार महिन्यांत हाताला तेच माप बसतं. पाऊस सुरू झाला, टँकर थांबले, नळाला खडकवासल्याचं मऊ पाणी आलं, तरी हात उन्हाळ्याच्याच मापाने ओतत राहतो.

कोथरूडच्या एका काकूंकडे गेलो, तेव्हा बाथरूमच्या दाराखालून फेस पॅसेजपर्यंत आला होता. सात किलोचं फ्रंट लोड. काचेतून कपडे दिसतच नव्हते, नुसतं पांढरंफेक. ड्रेन लावलं तर पंप घोंऽऽ करून फिरतोय आणि मोरीत पाइपाच्या तोंडातून फुसफुस करत फेसच येतोय. आदल्या दिवशी कोणीतरी येऊन ‘पंप बदलावा लागेल’ असं सांगून गेला होता.

मी म्हटलं, पावडर दाखवा. बादलीत कपडे भिजवायची पावडर, मोठी पिशवी. माप काय? आमटीची वाटी, शिगोशीग. वर कॉलरसाठी म्हणून लिक्विडचं एक झाकण.

‘काकू, एवढं कशाला?’

‘अहो दादा, काचेतून फेसच दिसत नाही. फेस नाही तर कपडे निघतील कसे?’

हा समज घालवता घालवता माझे केस पिकले. फ्रंट लोडमध्ये ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली पाडतो. आपटून धुणं म्हणतो ना, तेच. पाणी थोडं, आपटणं जास्त. आत फेस भरला की कपडे गादीवर पडल्यासारखे पडतात, आपटले जातच नाहीत. म्हणजे जास्त पावडर टाकून काकू कपडे कमी स्वच्छ करत होत्या. आणि पंप बनलाय पाणी ढकलायला. फेसात निम्मीअधिक हवाच, त्यामुळे पंपाचं पातं नुसतं गरगर फिरतं. पाण्याची पातळी ओळखणारा स्विचही फेसाने फसतो. ठरलेल्या वेळात पाणी उतरलं नाही की मशीन कोड दाखवून थांबतं: एलजीवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५सी’, बॉशवर ‘ई१८’. त्या कोडचा अर्थ ‘पाणी गेलं नाही’ एवढाच. पंप जळला असा त्याचा अर्थ लावून कोणी हजारो रुपये मागत असेल तर आधी पुढचं वाचा.

काकूंकडे मी काय केलं? मशीन बंद केलं, प्लग काढला आणि चहा घेतला. खरंच. अर्ध्या तासात फेस आपोआप बसतो. ही साधी गोष्ट लोकांना जमत नाही, ते पुन्हा पुन्हा स्टार्ट दाबत राहतात आणि ड्रम फिरून आणखी फेस तयार करतो. फेस बसल्यावर आधी ड्रेन, मग गार पाण्यात फक्त रिन्स आणि स्पिन, सॉफ्टनरच्या कप्प्यात झाकणभर कम्फर्ट. कम्फर्टने फेस मरतो. तीन वेळा रिन्स लागलं. दुसऱ्या दिवशी ६० अंशांवर रिकामं मशीन फिरवायला सांगितलं, कारण ड्रमच्या मागे पावडरीचा थर बसलेला असतो.

पांढरं व्हिनेगरही चालतं, पण ज्या धुण्यात ब्लीच टाकलंय तिथे चुकूनही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मीठ टाका म्हणणारेही भेटतात. मी माझ्या मशीनमध्ये टाकत नाही, धातूला मिठाची संगत मला पटत नाही.

माझ्या घरचं माप सांगतो: सात किलोचं फ्रंट लोड, मऊ पाणी, रोजचे कपडे, फ्रंट लोडसाठीचीच मॅटिक पावडर, दोन सपाट मोठे चमचे. पाणी जड असेल तर तीन. शंका असेल तर धुतलेलेच टॉवेल पावडर न घालता परत फिरवा. दहा मिनिटांत काचेवर फेस दिसला तर आठवडाभर पावडरीच्या डब्याला हात लावायचं कारण नाही, तुमच्या कपड्यांतच साबण साठलाय.

साबणाची वडी किसून टाकणं: नको. भांड्याचं लिक्विड: अजिबात नको, या कामाला मी पैसे जास्त घेतो.

आता माझा दुसरा लाडका विषय. फिल्टर. फ्रंट लोडच्या खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत पंपाचा फिल्टर. पाच-पाच वर्षं मशीन वापरणारे लोक मला विचारतात, ‘हे उघडतं?’

आणि काही जणांना ते उघडतं हे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून कळतं. असाच एक मुलगा, आयटीतला, दोघंच राहतात, तिसरा मजला. ड्रम पाण्याने भरलेला, मशीन अडकलेलं. याने खाली बसून फिल्टर गरागरा फिरवला आणि बाहेर ओढला. आतलं सगळं पाणी भसकन बाहेर. घाबरून त्याने फिल्टर परत बसवला, तोही आट्या चुकवून तिरका. मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये चादरी पसरलेल्या, खालचे काका जिन्यात उभे, आणि फिल्टरमधून थेंब-थेंब चालूच. ‘अरे, व्हिडिओत तर पाणी आलंच नव्हतं,’ म्हणे. व्हिडिओवाल्याचं मशीन रिकामं होतं, बाबा.

पद्धत साधी आहे, घाई नसली तर. नळ बंद, प्लग बाहेर. गरम पाण्याचं धुणं असेल तर तासभर थांबा, नाहीतर हात भाजेल. बऱ्याच मशीनना फिल्टरशेजारी एक बारीक नळी असते. तिचं बूच काढून पाणी ताटलीत घ्यायचं, ताटली भरली की बूच लावायचं, ताटली ओतायची, परत. कंटाळवाणं आहे, पण तेच करायचं. नळी नसेल तर फिल्टर अर्धा आटा सैल करून तसंच थोडं थोडं काढा. पाणी संपल्यावरच फिल्टर पूर्ण बाहेर.

त्या मुलाच्या फिल्टरमध्ये दोन रुपयांची नाणी, सेफ्टी पिन आणि बिलाच्या कागदाचा लगदा निघाला. पण पाणी अडलं होतं ते त्यामुळे नाही. टॉर्च मारून आत पंपाचं पातं पाहिलं तर त्याला परकराची नाडी गुंडाळलेली, दोऱ्याच्या रिळासारखी. चिमट्याने उलटी फिरवत दहा मिनिटं सोडवली. मग पातं बोटाने फिरवून पाहिलं. ते गुळगुळीत फिरत नाही, अडखळत अडखळत फिरतं, कारण आत लोहचुंबक असतं. त्या अडखळण्याला घाबरून पंप बदलायला निघू नका. त्याच्या बायकोला मी एवढंच सांगितलं, ‘ताई, नाड्या गाठ मारून टाकत जा.’ मी स्वतः महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी फिल्टर काढतो.

पाइपाचं थोडक्यात. पंप असलेल्या फ्रंट लोडचा ड्रेन पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून खाली सोडायचा असतो. जमिनीवर लोळत ठेवला तर पाणी भरता भरताच निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. उलट आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडना पंपच नसतो, पाणी उताराने जातं. तिथे पाइप उंबऱ्यावरून उचलून मोरीत टाकला की पाणी आत थांबणारच. कोणतं मशीन आहे ते आधी पुस्तिकेत बघा, शेजाऱ्याचं बघून पाइप लावू नका. मशीन भिंतीला चिकटवताना मागे पाइप दुमडतो, तेही बघा.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी ड्रेनचा खटका वॉशवर राहिलाय का ते पाहूनच फोन करावा.

आणि ड्राय बाल्कनीतला नहाणी ट्रॅप. मशीन जोरात पाणी सोडतं, जाळीत केस आणि कपड्यांची लव अडकलेली, पाणी उलटं फिरून मशीनखाली येतं आणि लोकांना वाटतं मशीन गळतंय. मला बोलावण्याआधी एक बादली पाणी त्या जाळीवर एकदम ओता. तिथेच घुटमळलं तर फोन प्लंबरला करा, मला नाही.