ईजीटी प्रोबची तुलना करताना या चुका टाळा

लायकमिंग ओ-320 सारख्या छोट्या विमानाच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचा ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) बाकी तिघांपेक्षा 80-100 अंश फॅरनहाइटने वेगळा दिसला, की आधी इंजिनावर संशय जातो, मग प्रोब (एक्झॉस्ट नळीत बसवलेला तापमानाचा सेन्सर) बदलला जातो. पुष्कळदा दोन्ही ठणठणीत असतात आणि फरक निव्वळ प्रोबच्या जागेमुळे पडलेला असतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण आवर्तनाच्या साधारण एक तृतीयांश काळच उघडा असतो. नळीतून वायू झटक्याझटक्याने जातो आणि प्रोबचं टोक त्याची सरासरी दाखवतं. म्हणून मीटरवरचा 1,420 फॅरनहाइट हा आकडा वायूचं खरं तापमान नव्हे. तो शेजारच्या सिलिंडरच्या 1,350 शी ताडून पाहणं हीच पहिली चूक. त्या सिलिंडरचा स्वतःचा पीक (मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, करत जाताना येणारा सर्वोच्च ईजीटी) किती आणि आपण त्याच्या किती खाली आहोत, एवढंच पाहा. मिश्रण लीन करताना पीक कधी येतो, हे प्रोबच्या जागेवर अवलंबून नसतं. त्यामुळे सिलिंडरांची तुलना करायचीच असेल तर 65 टक्क्यांच्या आतल्या पॉवरवर हळूहळू लीन करा आणि प्रत्येक सिलिंडर पीकला आला त्या क्षणीचा फ्युएल फ्लो (तासाला जाणारं इंधन) लिहून ठेवा. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात पहिल्या आणि शेवटच्या पीकमध्ये तासाला अर्ध्या गॅलनपेक्षा जास्त अंतर असेल तर इंजेक्टर तपासायला घ्या. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हे अंतर मुळातच जास्त असतं.

बसवताना सगळे प्रोब फ्लँजपासून (नळी सिलिंडरला जिथे जोडतात ती कडा) सारख्या अंतरावर हवेत, सहसा 2 ते 4 इंचांत. नेमका आकडा उत्पादकाच्या सूचनेतून घ्या. टोक नळीच्या मध्यावर यायला हवं. वळण, वेल्ड आणि स्लिप जॉइंट (नळ्यांचा सरकता सांधा) टाळा. आणि भोकाची खूण शिसपेन्सिलने मुळीच करू नका! नळी तापली की पेन्सिलमधला कार्बन धातूत शिरतो आणि पुढे तिथेच तडा जातो. इंजिन टर्बोचं असेल तर नळी उतरवूनच भोक पाडा, कारण आत राहिलेला कीस थेट टर्बाइनवर जातो.

सगळ्यात जास्त घोळ वायरिंगमध्ये होतो. ईजीटीचा प्रोब के टाइप थर्मोकपल असतो, म्हणजे क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांची जोडी; तिच्या गरम आणि थंड टोकांमधल्या तापमानाच्या फरकानुसार व्होल्टेज मिळतं. वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडली, तर थंड टोक त्या जोडाच्या जागी येतं, पण मीटर ते स्वतःपाशीच आहे असं धरून चालतो. इंजिनाजवळचा तो जोड 80 अंश सेल्सिअसला आणि मीटर 30 ला असेल, तर आकडा सुमारे 50 अंश सेल्सिअसने, म्हणजे 90 फॅरनहाइटने, कमी दिसतो. काउलिंग (इंजिनावरचं आवरण) तापत जाईल तशी ही चूक वाढत जाते. वायर वाढवायची तर के टाइपचीच हवी. अमेरिकन रंगसंकेतात पिवळी धन आणि लाल ऋण असते. लाल म्हणजे धन या सवयीने जोडली तर तापल्यावर आकडा उलटा खाली जातो. बॅटरीशिवाय चालणाऱ्या जुन्या काट्याच्या मीटरची वायर तर कापूच नका, तिचा रोधही मोजमापात धरलेला असतो.

दोष कुठे आहे ते शोधायला आधी प्रोब जागेवरच ठेवून दोन सिलिंडरांच्या कनेक्टरांची अदलाबदल करा. विचित्र आकडा मीटरवर त्याच क्रमांकाला राहिला तर दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये. तो दुसऱ्या क्रमांकावर गेला तर कनेक्टर मूळ जागी लावा, इंजिन थंड होऊ द्या आणि प्रोबच आपसात बदला. आकडा प्रोबबरोबर गेला तर प्रोब बाद, सिलिंडरलाच चिकटून राहिला तर इंजिन पाहा. सुट्या प्रोबसाठी उकळतं पाणी आणि मल्टिमीटर पुरतो: खोली 25 अंशांवर असताना सुमारे 3.1 मिलिव्होल्ट यायला हवेत. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, तिथे 3.0 धरा.

प्रोब बदलताना त्याच प्रकारचा घ्या. टोकाशी ग्राउंड केलेला (तारा आवरणाला जोडलेला) प्रोब लवकर प्रतिसाद देतो, अनग्राउंडेड उशिरा. दोन्ही मिसळले तर लीन करताना पीकचा क्रमच चुकीचा दिसतो.

एका सिलिंडरचा ईजीटी चढला आणि सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) थोडा उतरला, तर त्याच्या दोन स्पार्क प्लगांपैकी एक बंद असण्याची शक्यता मोठी. मॅग्नेटो चेकमध्ये (एका वेळी एकच मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारं यंत्र, चालू ठेवून पाहताना) ते लगेच कळतं. एकाच सिलिंडरचा आकडा मिनिटाला एकदा-दोनदा संथपणे 30-60 फॅरनहाइट वरखाली होत असेल, तर तो प्रोबचा दोष समजून सोडून देऊ नका. जळत चाललेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फिरताना असाच आकडा देतो. पुढच्या उड्डाणाआधी ए.एम.ई.कडून (विमान देखभाल अभियंता) बोरस्कोपने (आत सरकवायचा बारीक कॅमेरा) तो व्हॉल्व्ह पाहून घ्या.