घरचा स्टुडिओ: नवा माइक घेण्याआधी या चुका टाळा

पहिलं रेकॉर्डिंग डब्यातून आल्यासारखं वाटलं की बहुतेक जण माइकला दोष देतात आणि दुप्पट किमतीचा शोधायला लागतात. बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो, नाहीतर जोडणीचा.

टाइल्सची फरशी, मोकळ्या भिंती, काचेच्या खिडक्या. अशा खोलीत टाळी वाजवून बघा. मागोमाग झणझण ऐकू आली तर तीच गाण्यातही येणार. यावर अंड्याचे ट्रे चिकटवण्याची जुनी हौस आहे. त्यांनी फक्त भिंत खराब होते. एक इंची फोमचंही फार कौतुक नको. तो वरची चरचर शोषतो, खालचा घुमारा तसाच ठेवतो, कारण 100 हर्ट्झच्या लहरीची लांबीच साधारण साडेतीन मीटर असते. शेजारचा मिक्सर तर फोमने मुळीच अडत नाही.

त्यापेक्षा दोन जाड गोधड्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, तेही गायकाच्या पाठीमागे. लोक त्या माइकच्या मागे लावतात, पण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकला मागचं कमीच ऐकू येतं. गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मात्र थेट माइकच्या तोंडावर आदळतो. तोंड आणि माइक यांत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे 'प', 'फ'चे फुत्कार अडवणारी जाळी. आणि पंखा बंद. घाम येईल, इलाज नाही.

आवाजच येत नसेल तर आधी इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं) 48 व्होल्टचं बटण बघा. कंडेन्सर प्रकारच्या माइकला ही वीज लागतेच. आवाज आला पण लांबचा वाटला, तर माइक उलटा लावलाय का ते तपासा. अशा बऱ्याच माइकमध्ये टोकाकडून नव्हे, बाजूने गायचं असतं.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, 'हॅलो, चेक' म्हणून लावू नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण जोरात गाऊन घ्या आणि मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवा. 24 बिटच्या सेटिंगमध्ये हळू रेकॉर्डिंग नंतर वाढवता येतं. फाटलेला सूर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली करून सांधत नाही.

सतत 'हूं' ऐकू येतंय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबलं तर घोळ वीजजोडणीत आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड (खरखर-गुणगुण कमी पकडणारी) केबल वापरा आणि घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती साठवून पुढे पाठवायचा ते) 1024 वरून 128 वर आणा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (ASIO, आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर निवडा. आवाज दुहेरी येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसवरून थेट ऐकणं) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग (सॉफ्टवेअरमधून फिरून ऐकणं) दोन्ही चालू आहेत. एक बंद करा.

44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्याची) फाइल चुकून 48 वर वाजली तर गाणं जलद होतं आणि स्वर जवळपास दीड पट्टी चढतो. तानपुरा जुळेना, म्हणून गायकाला बोल लावण्याआधी प्रोजेक्टची सेटिंग बघा.

तबल्याला दोन माइक लावले आणि डग्गा पोकळ वाटला, तर एका ट्रॅकचं पोलॅरिटी (लहर उलटी करणारं) बटण दाबून ऐका. ज्या स्थितीत डग्गा भरदार वाजेल, ती ठेवा.