ओठ झाका, हात उघडे ठेवा: डेंटलच्या विद्यार्थ्यांसाठी

आधी ओळख पक्की करा. ओठाच्या कडेला चुरचुर, मग पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका, दोन-चार दिवसांत खपली: हा हर्पिस सिम्प्लेक्स १ विषाणू. गालाच्या आत किंवा जिभेखाली एकटाच पांढुरका व्रण असेल तर ते नुसतं तोंड येणं. त्यावर असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध चोळून काही होत नाही. धडधाकट माणसाला हर्पिस तोंडात परतला तर टाळूच्या कडक भागावर नाहीतर हिरडीवर येतो.

विषाणू चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत दबा धरून असतो. ताप, जागरण, परीक्षेचा ताण आणि कडक ऊन त्याला उठवतात. गंमत अशी की ड जीवनसत्त्वही उन्हातूनच मिळतं. ते पेशींना कॅथेलिसिडिन हे विषाणूंशी लढणारं प्रथिन बनवायला लावतं. म्हणून कमतरता भरून काढणं शहाणपणाचं, पण पातळी वाढली की फोड थांबतीलच, असा हिशेब धरू नका.

ऊन कधी घ्यायचं? आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण जवळपास नसतात. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे साधारण सव्वानऊलाच सावली आखूड होते, म्हणजे पारा ४५कडे जायच्या आत काम उरकतं. डिसेंबरात मात्र साडेबाराच्या सुमारासही ती जेमतेम आपल्याएवढी असते. हात-पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटं बसा. सावळ्या रंगाला जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून घेतलेलं ऊन फुकट. ओठांवर एसपीएफ ३० चा लिप बाम, दर दोन तासांनी. भर उन्हात गाडीवरून जाताना तोंडाला रुमाल बांधता, तो सोडू नका.

रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजायला तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची सांगा. उपाशी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर आकडा खोटा वर जातो. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टर सहसा ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असं ८ आठवडे देतात. ते जेवणानंतर घ्या, कारण ते स्निग्धात विरघळतं. भाकरीवर तूप असेल तर उत्तमच. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे साप्ताहिक सॅशे रोज घेणं. रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ होते, मूत्रपिंडावर ताण येतो. मुतखड्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

फोड आलाच, तर चुरचुरीच्या पहिल्या दिवशीच औषध. ५ टक्के असायक्लोव्हिर मलम दिवसातून ५ वेळा, ४ दिवस, बोटाने नाही, कापसाच्या काडीने. वारंवार येत असेल तर डॉक्टर व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, १२ तासांच्या अंतराने दोनदाच देतात. खपली धरल्यावर गोळ्यांचा उपयोग नगण्य. मेडिकलमधून कुणी दिलेलं स्टेरॉइडचं मलम तर लावूच नका, संसर्ग पसरतो.

क्लिनिकमध्ये पेशंटच्या ओठावर ताजे फोड दिसले आणि काम तातडीचं नसेल, तर पूर्ण बरं होईपर्यंत पुढची तारीख द्या. दात साफ करणाऱ्या स्केलरचा फवारा डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते. फोड नसतानाही लाळेतून विषाणू येतो, त्यामुळे गॉगल रोजचाच. फोड तुमच्याच ओठावर असेल तर मास्क सारखा चाचपू नका, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले पेशंट सहकाऱ्याकडे द्या. बोटाच्या पेरावर दुखरे फोड आले तर तो हर्पेटिक व्हिटलो. नखुरडं समजून त्याला चिरा देऊ नका, आणि तो बरा होईपर्यंत ग्लोव्ह घालूनही पेशंटला हात लावायचा नाही.